बंदीच्या काळानंतरची पिढी : जर्मन फुटबॉलपटू बिर्गिट प्रिन्झ

फुटबॉलच्या इतिहासात जर्मनीचे स्थान फार वरचे आहे. पुरुषांचा विश्वचषक या देशाने चार वेळा जिंकला आहे. जर्मनीच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा मान लोथार मॅथाउस यांचा असून त्यांच्या सामन्यांची संख्या १५० आहे. सर्वाधिक गोल मिरोस्लाव क्लोजे यांच्या नावावर असून त्यांची संख्या ७१ आहे. हे दोन्ही आकडे मोठे आहेत. परंतु जर्मनीच्या राष्ट्रीय संघांचा उच्चांक यांपैकी एकही नव्हे. तो मान एका महिला खेळाडूकडे जातो. बिर्गिट प्रिन्झ या आघाडीच्या खेळाडूने १९९४ ते २०११ या काळात देशाकडून २१४ सामने खेळले आणि १२८ गोल केले.

या कामगिरीचे महत्त्व केवळ आकड्यांपुरते नाही. ज्या देशाने एकेकाळी स्त्रियांना फुटबॉलच्या मैदानावर येण्यास रीतसर मनाई केली होती, त्याच देशात ही खेळाडू घडली. मनाई उठल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी तिचा जन्म झाला. व्यक्तीचे गुण आणि समाजाने मोकळी करून दिलेली वाट यांचा परस्परसंबंध कसा असतो, हे समजून घेण्यास तिची कारकीर्द हे एक उत्तम उदाहरण आहे. क्रीडाशिक्षक, शाळा चालविणारे आणि गावच्या क्रीडांगणाची व्यवस्था पाहणारे लोकप्रतिनिधी या सर्वांनाच तिच्यापासून काही शिकता येण्यासारखे आहे.

पंधरा वर्षांची बंदी

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत फुटबॉलने पुन्हा जोर धरला. १९५४ मध्ये पुरुष संघाने स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषक जिंकल्यावर सर्व देशभर उत्साहाची लाट उसळली. मुलींना आणि तरुण स्त्रियांनाही खेळण्याची इच्छा होऊ लागली. मात्र त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ३० जुलै १९५५ रोजी, जर्मन फुटबॉल महासंघाने आपल्या क्लबांना महिला फुटबॉलचे विभाग सुरू करण्यास व महिलांना मैदान देण्यास मनाई केली. महासंघाच्या पंचांनी अशा सामन्यांत काम करू नये, असेही ठरविण्यात आले. हा खेळ स्त्रीच्या शरीराला व मनाला अपायकारक आहे आणि तिच्या स्वभावधर्माशी विसंगत आहे, अशी कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली.

मनाई झाली तरी खेळ पूर्णपणे थांबला नाही. महासंघाबाहेरील संघटकांनी सामने भरविले. १९५६ मध्ये एसेन येथे पश्चिम जर्मनी व नेदरलँड्स यांच्या महिला संघांत झालेला अनधिकृत सामना पाहण्यास हजारो प्रेक्षक जमले होते. तथापि क्लब नाही, नियमित मैदान नाही, मान्यताप्राप्त पंच नाही आणि प्रशिक्षक नाही, अशा स्थितीत कोणताही खेळ वाढू शकत नाही. हौसेने खेळणाऱ्या मुलींची एक संपूर्ण पिढी यामुळे वाया गेली. त्यांच्यात किती गुणी खेळाडू असतील, याचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही.

अखेर ३१ ऑक्टोबर १९७० रोजी महासंघाने ही मनाई उठविली. त्या वेळीही मोकळीक संपूर्ण नव्हती. सामन्याचा कालावधी पुरुषांच्या सामन्याहून कमी ठेवण्यात आला. चेंडू लहान व हलका असावा, बुटांना खिळे नसावेत, हिवाळ्यात दीर्घ काळ खेळ बंद ठेवावा, असे निर्बंध घालण्यात आले. हे निर्बंध पुढे टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेले. स्त्रियांच्या ताकदीविषयीचा संशय मात्र जागतिक पातळीवरही बराच काळ टिकून होता. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या महिलांच्या पहिल्या विश्वचषकातील सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचेच होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

परवानगीपासून व्यवस्थेपर्यंत

मनाई उठविणे ही पहिली पायरी होती. खरे काम त्यानंतर सुरू झाले. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीत महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. राष्ट्रीय संघ उभा राहण्यास आणखी आठ वर्षे लागली. १० नोव्हेंबर १९८२ रोजी कोब्लेन्झ येथे जर्मन महिला संघ आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्याने स्वित्झर्लंडचा ५-१ असा पराभव केला. या संघाचे पहिले प्रशिक्षक गेरो बिझान्झ हे होते. त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून दोन गोल करणारी अठरा वर्षांची सिल्व्हिया नाइड हीच पुढे या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली.

१९८९ मध्ये पश्चिम जर्मनीतच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे अखेरचे सामने झाले. ओस्नाब्र्युक येथे सुमारे बावीस हजार प्रेक्षकांसमोर यजमान संघाने नॉर्वेला ४-१ असे हरवून पहिले युरोपीय विजेतेपद मिळविले. विजयी खेळाडूंना महासंघाने बक्षीस म्हणून चिनी मातीच्या कपबशांचा संच दिला. पुढे हे बक्षीस जर्मनीत अनेक वर्षे चर्चेचा विषय ठरले. घराबाहेर पडून मैदान जिंकणाऱ्या स्त्रियांना त्या काळचा समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता, याची ती एक खूण होती.

१९९० पासून उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. १९९७ पासून या दोन गटांची एकच साखळी करण्यात आली. यामुळे देशातील उत्तम खेळाडूंना वर्षभर एकमेकींविरुद्ध चुरशीने खेळण्याची संधी मिळू लागली. वर्षातून एखाददुसरी स्पर्धा भरवून खेळाडू तयार होत नाहीत. नियमित सामने, नियमित सराव आणि जाणता प्रशिक्षक यांतून ते तयार होतात. बिर्गिट प्रिन्झ वयात आली त्या वेळी ही शिडी नुकतीच उभी राहिली होती.

सोळाव्या वर्षी पहिला गोल

बिर्गिट प्रिन्झ हिचा जन्म २५ ऑक्टोबर १९७७ रोजी माइन नदीकाठच्या फ्रँकफर्ट शहरात झाला. परिसरातील लहान क्लबांतून खेळत ती १९९३ मध्ये एफएसव्ही फ्रँकफर्ट या पहिल्या श्रेणीतील क्लबात दाखल झाली. अंगाने उंच व दणकट, धावण्यात वेगवान आणि गोलासमोर शांत डोक्याची अशी ही मुलगी लवकरच निवडकर्त्यांच्या नजरेत भरली.

२७ जुलै १९९४ रोजी कॅनडाविरुद्धच्या सामन्यात तिला राष्ट्रीय संघातून खेळण्याची प्रथम संधी मिळाली. तेव्हा तिचे वय सोळा वर्षांचे होते. सामन्याच्या ७२ व्या मिनिटाला हायडी मोर हिच्या जागी ती मैदानावर उतरली. हायडी मोर ही त्या वेळची जर्मनीची सर्वांत यशस्वी आघाडीची खेळाडू होती. तिच्या नावावर कारकिर्दीच्या अखेरीस ८३ आंतरराष्ट्रीय गोल जमा झाले. अशा खेळाडूची जागा घेणाऱ्या या नवख्या मुलीने ८९ व्या मिनिटाला गोल करून संघाला २-१ असा विजय मिळवून दिला. हायडी मोरचा उच्चांक पुढे मोडला तो याच मुलीने.

आघाडीच्या खेळाडूचे काम वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात नव्वद मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला दोन-चारच खऱ्या संधी येतात. उरलेला सर्व वेळ प्रतिस्पर्धी बचावपटूंना गुंतवून ठेवणे, सहकाऱ्यांसाठी जागा मोकळी करणे आणि पाठीवर धक्के सोसत चेंडू राखणे हे त्याचे काम असते. संधी आली की क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. प्रिन्झच्या खेळात शक्ती आणि वेग यांबरोबर हा संयमही होता. यामुळेच तिच्यावर दोन-दोन बचावपटू ठेवले जात आणि त्याचा लाभ तिच्या संघातील इतर खेळाडूंना मिळे.

युरोपातील पाच विजेतेपदे

२६ मार्च १९९५ रोजी कायझर्सलाउटर्न येथे युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. जर्मनीने स्वीडनला ३-२ असे हरविले. त्यांतील एक गोल सतरा वर्षांच्या प्रिन्झने केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात स्वीडनमध्ये दुसरा महिला विश्वचषक झाला. जर्मन संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. परंतु नॉर्वेने त्याला २-० असे पराभूत केले. इतक्या लहान वयात विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेली प्रिन्झ ही त्या वेळची सर्वांत तरुण खेळाडू ठरली.

यानंतर युरोपीय स्पर्धेत जर्मनीने जणू आपले वर्चस्वच प्रस्थापित केले. १९९७ मध्ये ऑस्लो येथील अंतिम सामन्यात इटलीचा २-० असा पराभव झाला. दोन गोलांपैकी एक प्रिन्झचा होता. २००१ मध्ये उल्म येथे स्वीडनविरुद्धचा निर्णय जादा वेळेत लागला आणि क्लाउडिया म्युलर हिच्या गोलाने जर्मनी विजयी झाला. २००५ मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे नॉर्वेचा ३-१ असा पाडाव झाला. येथेही प्रिन्झच्या नावावर एक गोल लागला. २००९ मध्ये हेलसिंकी येथे इंग्लंडला ६-२ असे नमविताना तिने दोन गोल केले. त्या वेळी तिच्या वयाला बत्तीस वर्षे पूर्ण होत आली होती.

पाच अंतिम सामने, पाच विजेतेपदे आणि त्यांपैकी चार सामन्यांत मिळून पाच गोल, असा हा हिशेब आहे. दुबळ्या संघांविरुद्ध गोलांची संख्या वाढविणे अनेकांना साधते. सर्वांत कठीण सामन्यात गोल करणे हीच आघाडीच्या खेळाडूची खरी कसोटी असते आणि त्या कसोटीला प्रिन्झ चौदा वर्षे उतरत राहिली.

२००३ : पहिला विश्वचषक

१९९९ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात जर्मन संघाला उपांत्यपूर्व फेरीत यजमानांकडून ३-२ असा पराभव पत्करावा लागला. हा पराभव संघाच्या मनात घर करून राहिला. त्या वेळी संघाच्या प्रशिक्षक टीना टॉयने-मायर या होत्या. जर्मनीत फुटबॉल प्रशिक्षकाचा सर्वोच्च परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांनी पुढील चार वर्षे संघाची नव्याने बांधणी केली. मध्यंतरी, २००२ मध्ये, प्रिन्झने अमेरिकेतील व्यावसायिक महिला साखळीत कॅरोलायना करेज या संघाकडून खेळून तो संघ विजेता होण्यास हातभार लावला. अमेरिकी खेळाडूंच्या खेळाची जवळून झालेली ही ओळख तिला उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

२००३ चा विश्वचषक चीनमध्ये व्हावयाचा होता. तेथे सार्स या साथीच्या रोगाचा फैलाव झाल्याने स्पर्धा ऐनवेळी अमेरिकेत हलविण्यात आली. साखळीतील तिन्ही सामने जर्मनीने सहज जिंकले. उपांत्यपूर्व फेरीत रशियाचा ७-१ असा धुव्वा उडाला. उपांत्य फेरीत पोर्टलंड येथे पुन्हा अमेरिकेशीच गाठ पडली. तेथे जर्मनीने गतविजेत्यांना त्यांच्याच भूमीवर ३-० असे हरविले. त्यांतील शेवटचा गोल प्रिन्झने केला.

१२ ऑक्टोबर २००३ रोजी कार्सन येथे स्वीडनविरुद्ध अंतिम सामना झाला. पूर्वार्धात स्वीडनने आघाडी घेतली. उत्तरार्धाच्या प्रारंभीच मारेन माइनर्ट हिने बरोबरी साधली. जादा वेळेत पहिला गोल करणारा संघ तत्काळ विजयी ठरे, असा तेव्हाचा नियम होता. ९८ व्या मिनिटाला रेनाटे लिंगोर हिने मारलेल्या फ्री किकवर निया क्युन्झर या बदली खेळाडूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि जर्मनी प्रथमच महिलांचा विश्वविजेता झाला. महिला प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली विश्वचषक जिंकणारा हा पहिलाच संघ होता.

या स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे सात गोल प्रिन्झने केले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिलाच मिळाला. अंतिम सामन्यात मात्र तिच्या नावावर एकही गोल नव्हता. त्या दिवशी निर्णायक गोल केला तो राखीव फळीतून आलेल्या खेळाडूने. श्रेष्ठ खेळाडूच्या भोवती सक्षम संघ उभा असेल तरच मोठे यश हाती येते, ही गोष्ट या सामन्याने स्पष्ट केली.

जागतिक फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार प्रिन्झला २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे मिळाला. मायदेशात तर २००१ ते २००८ अशी सलग आठ वर्षे ती सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली.

नाकारलेला प्रस्ताव

२००३ च्या अखेरीस एक वेगळाच प्रसंग उद्भवला. इटलीतील पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या पेरुजिया या पुरुष संघाच्या अध्यक्षांनी प्रिन्झला आपल्या संघात घेण्याची तयारी दर्शविली. जगभरच्या वृत्तपत्रांत या बातमीची चर्चा झाली. पैसा आणि प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी समोर चालून आल्या होत्या. प्रिन्झने हा प्रस्ताव नाकारला.

या नकाराचा विचार शांतपणे करावयास हवा. पुरुषांच्या संघात नाव लागले असते तरी प्रत्यक्षात राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहण्याचीच वेळ तिच्यावर येण्याचा संभव अधिक होता. लोक तिच्याकडे खेळाडू म्हणून न पाहता एक नवलाची गोष्ट म्हणून पाहू लागले असते. ज्या महिला फुटबॉलला आपल्या पायांवर उभे राहण्यासाठी तीस वर्षे झगडावे लागले, त्यातील सर्वोत्तम खेळाडूने आपले स्थान महिलांच्या मैदानावरच राखले. प्रसिद्धीच्या झोताविषयी प्रिन्झला फारसे आकर्षण कधीच नव्हते. आपल्या खेळाविषयी बोलावे, खाजगी आयुष्य आपल्यापाशी ठेवावे, अशी तिची वृत्ती होती.

२००७ : कर्णधार म्हणून विजय

२००७ चा विश्वचषक चीनमध्ये झाला. सिल्व्हिया नाइड या आता मुख्य प्रशिक्षक होत्या आणि प्रिन्झ संघाची कर्णधार होती. शांघाय येथील पहिल्याच सामन्यात जर्मनीने अर्जेंटिनावर ११-० असा प्रचंड विजय मिळविला. त्यांतील तीन गोल कर्णधाराचे होते. यानंतर इंग्लंडने जर्मनीला गोलशून्य बरोबरीत रोखले. जपानविरुद्ध २-०, उत्तर कोरियाविरुद्ध ३-० व नॉर्वेविरुद्ध ३-० असे विजय मिळवीत संघ अंतिम फेरीत आला.

३० सप्टेंबर २००७ रोजी शांघाय येथे ब्राझीलशी अंतिम लढत झाली. ब्राझीलची मार्टा ही त्या वेळी बहरात होती. ५२ व्या मिनिटाला प्रिन्झने गोल करून जर्मनीला आघाडीवर नेले. काही वेळाने ब्राझीलला पेनल्टी मिळाली. परंतु मार्टाने मारलेला चेंडू गोलरक्षक नादिने अँगेरर हिने अडविला. अखेरीस सिमोने लाउडेर हिने दुसरा गोल केला आणि सामना २-० असा संपला. महिला विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकणारा जर्मनी हा पहिला देश ठरला. सहा सामन्यांत २१ गोल करणाऱ्या या संघावर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नाही.

विश्वचषक स्पर्धांतील प्रिन्झच्या गोलांची संख्या या वेळी १४ झाली आणि अमेरिकेच्या मिशेल एकर्स हिचा १२ गोलांचा उच्चांक मागे पडला. हा उच्चांक पुढे मार्टाने ओलांडला. २०१९ पर्यंत तिने १७ गोल केले. उच्चांक मोडण्यासाठीच असतात, असे खेळाच्या जगात म्हटले जाते. त्यामुळे प्रिन्झच्या कामगिरीला उणेपणा येत नाही.

या विजयानंतर महासंघाने प्रत्येक खेळाडूला पन्नास हजार युरो बक्षीस दिले. १९८९ मधील कपबशांपासून २००७ मधील या रकमेपर्यंतचे अंतर अठरा वर्षांचे आहे. पुरुष संघाला मिळणाऱ्या रकमांच्या मानाने हा आकडा लहानच होता. तरीही स्त्रियांचा खेळ ही हौस नसून त्यामागे श्रम आहेत आणि त्या श्रमांचे मूल्य द्यावयास हवे, ही जाणीव त्यातून दिसून येते.

ऑलिंपिक : न मिळालेले सुवर्णपदक

प्रत्येक मोठ्या कारकिर्दीत एखादी उणीव राहून जाते. प्रिन्झच्या बाबतीत ती ऑलिंपिक सुवर्णपदकाची होय. महिलांच्या फुटबॉलचा समावेश ऑलिंपिकमध्ये १९९६ च्या अटलांटा येथील स्पर्धेपासून झाला. त्या वेळी जर्मन संघ साखळीतच बाद झाला. २००० मध्ये सिडनी येथे उपांत्य फेरीत नॉर्वेकडून पराभव झाला. मात्र ब्राझीलला २-० असे हरवून संघाने कांस्यपदक मिळविले. २००४ मध्ये ग्रीसमधील पात्रास येथे चीनविरुद्ध मिळविलेल्या ८-० या विजयात एकट्या प्रिन्झने चार गोल केले. तथापि उपांत्य सामन्यात जादा वेळेत अमेरिकेने सरशी केली आणि पुन्हा कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. २००८ मध्ये चीनमध्ये उपांत्य फेरीत प्रिन्झच्याच गोलाने आघाडी मिळाली असताना ब्राझीलने सामना ४-१ असा फिरविला. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात जपानवर २-० असा विजय मिळून तिसरे कांस्यपदक पदरी पडले.

लागोपाठ तीन वेळा सुवर्णपदकाची आशा धरून उपांत्य फेरीत हरणे आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पुन्हा मन एकवटून तिसऱ्या क्रमांकासाठी जिंकणे, ही गोष्ट बाहेरून दिसते त्याहून अवघड आहे. चारही ऑलिंपिक स्पर्धांत प्रिन्झने गोल केले. जर्मन महिलांना ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले ते २०१६ मध्ये रिओ दि जानेरो येथे. त्या वेळी प्रिन्झला निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती.

२०११ : मायदेशातील अखेर

२०११ चा महिला विश्वचषक जर्मनीत भरला. २६ जून रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये कॅनडाविरुद्धचा उद्‌घाटनाचा सामना पाहण्यास ७३,६८० प्रेक्षक उपस्थित होते. ज्या देशात महिलांना मैदान देण्यास मनाई होती, त्याच देशाच्या राजधानीत हे दृश्य दिसत होते. संघाचे नेतृत्व तेहतीस वर्षांच्या प्रिन्झकडे होते. सर्व देशाच्या अपेक्षा संघावर आणि विशेषतः तिच्यावर केंद्रित झाल्या होत्या.

जर्मनीने तो सामना २-१ असा जिंकला; परंतु प्रिन्झचा खेळ नेहमीसारखा झाला नाही. उत्तरार्धात तिला मैदानाबाहेर बोलावून घेण्यात आले. ३० जून रोजी फ्रँकफर्ट या तिच्या जन्मगावी नायजेरियाविरुद्ध सामना झाला. तेथेही उत्तरार्धाच्या प्रारंभी तिला बदलण्यात आले. वृत्तपत्रांतून टीका होऊ लागली. फ्रान्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात प्रशिक्षक नाइड यांनी तिला खेळविले नाही. ९ जुलै रोजी वोल्फ्सबुर्ग येथे उपांत्यपूर्व फेरीत जपानने जादा वेळेतील एकमेव गोलाने जर्मनीला पराभूत केले. कर्णधार त्या सामन्यातही बाकावरच होती. नायजेरियाविरुद्धचा सामना हाच तिचा २१४ वा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

ऑगस्ट २०११ मध्ये प्रिन्झने निवृत्ती जाहीर केली. सतरा वर्षांच्या उज्ज्वल कारकिर्दीचा शेवट असा व्हावा, याचे अनेकांना वाईट वाटले. खेळाडूचे शरीर एका मर्यादेपर्यंतच साथ देते, हा निसर्गाचा नियम आहे. संघाच्या हितासाठी कर्णधारालाही बाजूला बसविण्याचा निर्णय प्रशिक्षकाला घ्यावा लागतो आणि खेळाडूला तो स्वीकारावा लागतो. हे दोन्ही प्रसंग दुःखाचे असले तरी सांघिक खेळाच्या शिस्तीचाच तो भाग आहे. मार्च २०१२ मध्ये फ्रँकफर्ट येथे तिच्या सन्मानार्थ निरोपाचा सामना खेळविण्यात आला.

खेळानंतरचे आयुष्य

प्रिन्झने खेळत असतानाच शिक्षण चालू ठेवले होते. महिला फुटबॉलमध्ये त्या काळी मिळणारा पैसा आयुष्यभर पुरेल इतका नव्हता. तिने प्रथम भौतिकोपचार शास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे मानसशास्त्राची पदवी संपादन केली. निवृत्तीनंतर होफेनहाइम येथील क्लबात ती क्रीडा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागली. पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय महिला संघालाही तिचे हे मार्गदर्शन मिळाले. मोठ्या सामन्याआधीची धास्ती, पराभवानंतरची निराशा, संघातून वगळले जाण्याचे शल्य हे सर्व जिने स्वतः अनुभवले, तिच्याकडेच तरुण खेळाडूंचे मनोबल सांभाळण्याचे काम आले.

गुणी खेळाडूंच्या पालकांनी व शिक्षकांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. खेळ आणि अभ्यास यांत वैर मानण्याचे कारण नाही. खेळाची वर्षे थोडी असतात आणि आयुष्य मोठे असते. दोहोंची सांगड घालता येते, हे प्रिन्झने दाखवून दिले.

या कारकिर्दीचा अर्थ

बिर्गिट प्रिन्झचा जन्म वीस वर्षे आधी झाला असता, तर तिच्या बालपणी फ्रँकफर्टच्या कोणत्याही मान्यताप्राप्त क्लबाने तिला मैदानावर पाऊल ठेवू दिले नसते. अंगची ताकद तीच, वेग तोच, चेंडूवरचा ताबा तोच. पण २१४ सामन्यांपैकी एकही सामना तिच्या वाट्याला आला नसता. १९७० मधील एक ठराव, १९७४ मधील राष्ट्रीय स्पर्धा, १९८२ मधील राष्ट्रीय संघ आणि १९९० मधील साखळी, या प्रत्येक पायरीवर कोणीतरी बैठकीत बसून निर्णय घेतला होता. निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणालाही प्रिन्झचे नाव त्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते. सार्वजनिक कामाचे स्वरूप असेच असते. ज्यांच्यासाठी वाट तयार करावयाची, ती मुले पुष्कळदा अजून जन्मालाही आलेली नसतात.

जर्मनीतील ही परंपरा पुढेही चालू राहिली आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात झाला. त्या वेळी जर्मनीचा संघ मडगाव आणि नवी मुंबई येथील मैदानांवर खेळला आणि स्पर्धेत चौथा आला. त्या मुलींपैकी कोणालाही आपण फुटबॉल का खेळतो, असा प्रश्न विचारला गेला नाही. त्यांच्या आजीच्या पिढीला मात्र याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत होते.

शाळेचे पटांगण किंवा गावचे क्रीडांगण संध्याकाळी कोणासाठी खुले असते, मुलींसाठी खेळाचा तास आणि चेंडू राखून ठेवला जातो की नाही, त्यांना शिकविणारे कोणी आहे की नाही, या गोष्टी दिसावयास लहान आहेत. प्रिन्झसारखी खेळाडू एखाद्या पिढीत एखादीच निपजते. परंतु ती कोणत्या घरात, कोणत्या गावात जन्माला येईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच मैदान सर्वांसाठी खुले असावे लागते.